पाण्याचा सामू आणि परीक्षापट्टीचा योग्य उपयोग



लिंबू आंबट आहे हें सांगण्यास कोणास शाळेंत जावें लागत नाहीं; जिभेवर रसाचा एक थेंब पडला कीं तें कळतें. परंतु लिंबू दह्याहून किती पटींनीं आम्ल, विहिरीचें पाणी आम्लाकडे झुकलेलें कीं चुन्याकडे, भाताच्या खाचरांतील मातीचा कल कोणत्या बाजूस, हे प्रश्न जिभेच्या आटोक्याबाहेरचे आहेत. शिवाय प्रयोगशाळेंतील कोणताही द्रव चाखून पाहणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. म्हणून जिभेचें हें काम डोळ्यांवर सोंपविण्याची एक युक्ति रसायनशास्त्रानें काढली आहे. ती युक्ति म्हणजे सामू मोजण्याची कागदी पट्टी. आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटांत तिची डबी असते, व नवव्या-दहाव्या इयत्तेंतील प्रत्येक विद्यार्थ्यानें ती हाताळलेलीही असते. हाताळणें निराळें आणि वापरणें निराळें. हा भेद स्पष्ट करावा, या हेतूनें हा पाठ आम्ही लिहीत आहों. आईबापांनींही तो वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण यांतील बऱ्याच गोष्टी स्वयंपाकघर, विहीर आणि शेत यांच्याशीं निगडित आहेत.

आपण भातसानगरचीं माणसें. पाण्याचा विचार आपणांस नवा नाहीं. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांची एकंदर साठवण सुमारें १४,४७,००० दशलक्ष लिटर आहे आणि त्यांपैकीं सुमारें ७,१७,००० दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातसा धरणाची आहे. येथून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रांतून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जातें, तेथें उचललें जातें आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होऊन महानगराच्या नळांना पोंचतें. त्या केंद्रांत पाण्याचा सामू वारंवार तपासला जातो. उलट, याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागतो, टँकरची वाट पाहावी लागते, आणि जें पाणी मिळेल तें कोणी न तपासतां हंड्यांत भरलें जातें. ज्यांच्या पाण्याकडे कोणी शास्त्रज्ञ पाहत नाहीं, त्यांच्या घरचा शाळेंत जाणारा मुलगा किंवा मुलगी हीच त्यांची पहिली परीक्षक होय. परीक्षक चुकला, तर चुकीचें फळ साऱ्या पाड्यास भोगावें लागतें.

सामू म्हणजे काय

पाण्यांत आम्ल मिसळलें असतां हायड्रोजनचे विद्युद्भारित कण, म्हणजे हायड्रोजन आयन, वाढतात. आम्लारी मिसळली असतां ते कमी होतात. पंचवीस अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या शुद्ध पाण्याच्या एका लिटरांत या आयनांचें प्रमाण एका मोलाच्या एक कोटीव्या हिश्श्याइतकें असतें. एक कोटि म्हणजे दहाचा सातवा घात. हा जो सातांक, तोच शुद्ध पाण्याचा सामू होय. इंग्रजी शिकलेले लोक यासच पीएच म्हणतात. सामू सातांहून कमी असल्यास द्रव आम्ल, अधिक असल्यास आम्लारीधर्मी, आणि बरोबर सात असल्यास उदासीन समजावा. नेहमींच्या व्यवहारांत ही मोजपट्टी शून्यापासून चौदापर्यंत असते.

कांहीं ओळखीचे पदार्थ या मोजपट्टीवर मांडून पाहूं. लिंबाचा रस दोन ते अडीचच्या आसपास येतो. दहीं चार ते साडेचारच्या दरम्यान. ताजें दूध ६.६ च्या जवळपास; मनुष्याचें रक्त ७.३५ ते ७.४५, खाण्याच्या सोड्याचें पाणी ८.३ च्या सुमारास. साबणाचें पाणी नऊ ते दहा. आणि चुन्याची निवळी १२.४ च्या जवळ.

येथें एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. ही मोजपट्टी फूटपट्टीसारखी नाहीं. फूटपट्टीवर सहा इंच म्हणजे तीन इंचांची दुप्पट. परंतु सामू तीन असलेला द्रव हा सामू सहा असलेल्या द्रवाच्या दुप्पट आम्ल नसतो, तर सहस्रपट आम्ल असतो. येथें एका अंकाचा फरक म्हणजे दसपट, दोन अंकांचा म्हणजे शंभरपट, तीन अंकांचा म्हणजे हजारपट. सामू दोन असलेला लिंबाचा रस सामू चार असलेल्या दह्याच्या शंभरपट आम्ल ठरतो, हें जीभ आपणांस कधींच सांगूं शकली नसती. म्हणूनच पट्टी वाचतांना झालेली एका अंकाची चूक ही "थोडीशी चूक" नसून दसपट चूक असते.

रंग कां बदलतो

हळदीनें माखलेल्या कपड्यावर साबण लावला कीं पिवळा डाग तांबडा होतो, हें आपल्या मातांनीं हजारदां पाहिलें आहे. हळदीस चुन्याचा संस्कार होऊन तांबडें कुंकू तयार होतें, हेंही आपणांस ठाऊक आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क लिंबाच्या थेंबानें गुलाबी-तांबडा व सोड्याच्या पाण्यानें हिरवट होतो. याचें कारण असें कीं, कांहीं वनस्पतींच्या रंगद्रव्यांची घडण हायड्रोजन आयनांच्या कमीअधिक प्रमाणानें पालटते व घडण पालटली कीं रंग पालटतो. अशा द्रव्यांस दर्शक म्हणतात. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानें १६६४ सालीं रंगांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत व्हायोलेट फुलांच्या अर्कानें आम्ल व आम्लारी ओळखण्याची रीत नोंदवून ठेविली आहे. लिटमस नांवाचा दर्शकही निसर्गांतूनच आला. आपल्या मसाल्यांत जें दगडफूल असतें, तें शैवाक वर्गांतील होय. त्याच वर्गांतील दुसऱ्या कांहीं जातींपासून लिटमस काढतात.

परंतु लिटमस फक्त "आम्ल" किंवा "आम्लारी" इतकेंच सांगतो. किती, हें सांगत नाहीं. तो "किती" अंकांत मांडण्याची पद्धत डेन्मार्क देशांतील कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेचे रसायनज्ञ सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं घालून दिली. सामूची मोजपट्टी ती हीच. पुढें निरनिराळ्या सामूंस रंग बदलणारे अनेक दर्शक एकत्र करून वैश्विक दर्शक निघाला. त्यांत बुडवून वाळविलेला कागद म्हणजे आपली परीक्षापट्टी. तिच्या डबीवर रंगांचा तक्ता असतो व प्रत्येक रंगाखालीं अंक छापलेला असतो. कांहीं पट्ट्यांवर एकच रंगीत तुकडा असतो, तर कांहींवर तीन-चार चौकोन असतात. दुसऱ्या प्रकारांत सर्व चौकोन एकदम तक्त्याशीं जुळले पाहिजेत, एखादा जुळून भागत नाहीं.

पट्टी वापरण्याचे नियम

पहिला नियम डबीविषयीं. डबीवरील मुदत प्रथम पाहावी. मुदत संपलेल्या पट्टीचें वाचन ग्राह्य धरूं नये. आपल्याकडे आषाढ-श्रावणांत भिंतींनाही ओल येते. ती हवा पट्टीस मारक आहे. म्हणून डबी उघडावी, एक पट्टी काढावी आणि झांकण तत्काळ लावावें. मीठाचें आम्ल किंवा अमोनिया यांच्या बाटल्यांशेजारीं डबी ठेवूं नये. त्यांच्या वाफेनेंच कागद रंग बदलतो.

दुसरा नियम हाताविषयीं. हात धुवून कोरडे करावे आणि पट्टी रंगहीन टोंकाकडून धरावी. बोटाचा घाम, साबण, चिंच किंवा हळद ही पट्टीस लागली कीं ती द्रवाची नव्हे, तर तुमच्या बोटाची परीक्षा करूं लागते.

तिसरा नियम भांड्याविषयीं. नमुना कांचेच्या किंवा प्लास्टिकच्या स्वच्छ भांड्यांत घ्यावा. भांडें स्वच्छ दिसतें एवढ्यावर समाधान मानूं नये. ज्या पाण्याची परीक्षा करावयाची, त्याच पाण्यानें तें तीन वेळां विसळावें व मग भरावें. राखेनें घासलेलें भांडें विशेष घातक. कारण लाकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट असतें व तें पाण्यांत विरघळून त्यास आम्लारीधर्मी करतें.

चौथा नियम बुडविण्याविषयीं. डबीवर जितके सेकंद लिहिले असतील तितकेच सेकंद पट्टी बुडवावी. साध्या कागदी पट्टीचा रंग द्रवांत उतरतो. ती परीक्षानळींत टाकून ठेवल्यास नमुनाही बिघडतो आणि वाचनही. अशा कागदासाठीं कांचेची स्वच्छ दांडी द्रवांत बुडवून तिचा एक थेंब कागदावर टेकविणें ही उत्तम रीत होय. पट्टी बाहेर काढल्यावर हलकेच झटकून जादा पाणी काढावें व ती आडवी धरावी. उभी धरल्यास एका चौकोनाचा रंग दुसऱ्यावर ओघळतो.

पांचवा नियम वेळेविषयीं. डबीवर सांगितलेल्या वेळींच, ओली असतांनाच पट्टी तक्त्याशीं ताडून पाहावी. वाळल्यावर रंग बदलतो आणि हवेंतील कार्बन डायऑक्साइडही त्यावर परिणाम करतो. "पट्टी वहींत चिकटवून ठेविली आहे, घरीं जाऊन वाचीन" असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यानें परीक्षा केलीच नाहीं असें समजावें.

सहावा नियम प्रकाशाविषयीं. दिवसाच्या उजेडांत, परंतु प्रखर ऊन टाळून, पांढऱ्या कागदावर पट्टी ठेवून पाहावें. पिवळ्या दिव्याच्या उजेडांत पिवळा व नारिंगी यांतील भेद नीट कळत नाहीं. कांहीं मुलांस जन्मतःच तांबडा व हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहींत. त्यांत त्यांचा दोष मुळींच नाहीं. त्यांनीं वेळ मोजावी, नोंद करावी आणि रंग सोबत्याकडून वाचवून घ्यावा.

सातवा नियम पुनरावृत्तीविषयीं. एकाच नमुन्याची तीन पट्ट्यांनीं तीनदां परीक्षा करावी. दोघांनीं वाचन करावयाचें असल्यास एकानें आपला अंक दुसऱ्यास आधीं सांगूं नये. कारण ऐकलेला अंक डोळ्यांस दिसूं लागतो. रंग सहा आणि सात यांच्या मधला वाटला, तर "सहा ते सात" असेंच लिहावें. ज्या पट्टीवर एकेका अंकाचे टप्पे आहेत, तिच्यावरून ६.७ असें लिहिणें म्हणजे नसलेलें ज्ञान असल्याचें दाखविणें होय. बारीक फरक हवा असल्यास अर्ध्या किंवा त्याहून लहान टप्प्यांची, मर्यादित कक्षेची पट्टी घ्यावी.

पट्टी खरी आहे कीं नाहीं, याची परीक्षाही करतां येते. नवी डबी उघडली कीं खाण्याच्या सोड्याचें ताजें पाणी व लिंबाचा गाळलेला रस या दोन ओळखीच्या द्रवांत ती पाहावी. ती आठाच्या व दोनाच्या आसपास न आल्यास त्या डबीवर विश्वास ठेवूं नये.

पट्टी कोठें फसते

प्रत्येक साधनास मर्यादा असतात आणि त्या जाणणें हाही विद्येचाच भाग आहे. पहिली मर्यादा ही कीं, सामू पाण्यांतील द्रावणासच असतो. रॉकेल किंवा गोडें तेल यांत पट्टी बुडवून कांहीं अर्थ निघत नाहीं. साबणाच्या कोरड्या वडीसही पट्टी लावून उपयोग नाहीं. ती आधीं पाण्यांत विरघळविली पाहिजे.

दुसरी मर्यादा रंगीत द्रवांची. कोकमाचें सरबत किंवा हळदीचें दूध स्वतःच्याच रंगानें पट्टी रंगवितें, मग दर्शकाचा रंग ओळखावा कसा? अशा वेळीं द्रवांत थोडें ऊर्ध्वपातित पाणी घालून तो फिका करावा आणि वाचन केवळ अदमासाचें आहे असें नोंदवावें. पावसाळ्यांतील गढूळ पाणी प्रथम निवळूं द्यावें.

तिसरी मर्यादा पावसाच्या आणि ऊर्ध्वपातित पाण्याची. त्यांत विरघळलेले क्षार इतके अल्प असतात कीं, पट्टीच्या रंगद्रव्यानेंच त्यांचा सामू हलूं शकतो. रंग न उतरणारी पट्टी अशा पाण्यांत, रंग बदलण्याचें थांबेपर्यंत, कांहीं मिनिटें ठेवावी लागते. स्वच्छ हवेंतील पावसाचें पाणीही हवेंतील कार्बन डायऑक्साइडमुळें ५.६ च्या सुमारास असतें. तें सातांहून कमी आलें म्हणून भिण्याचें कारण नाहीं.

चौथी मर्यादा रंग उडविणाऱ्या द्रव्यांची. ब्लीचिंग पावडरच्या तीव्र द्रावणांत पट्टीचा रंगच नाहींसा होतो. ही अडचण मोठमोठ्यांनाही पडली आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या फळउद्योगांत लिंबाच्या रसाची आम्लता मोजावयाची होती; परंतु रस टिकावा म्हणून त्यांत घातलेल्या सल्फर डायऑक्साइडनें दर्शकाचा रंग उडून जाई. ही अडचण निवारण्यासाठीं आर्नोल्ड बेकमन यांनीं १९३४ सालीं विजेवर चालणारें सामूमापक यंत्र बनविलें. कागदाची मर्यादा ओळखली गेली, म्हणूनच यंत्राचा जन्म झाला.

एका वाटीचा परिणाम

नियमांची ही यादी कोणास कंटाळवाणी वाटेल. ती कां पाळावी, हें एका घडलेल्या गोष्टीवरून कळेल. आपल्या एका विद्यार्थ्यानें उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या पाड्यावरील विहिरीचें पाणी पट्टीनें पाहिलें. रंग गर्द हिरवा-निळा आला. त्यानें अंक नऊ वाचला. मुलगा प्रामाणिक, त्यानें जें दिसलें तें सांगितलें. सायंकाळपर्यंत "विहीर नासली" ही वार्ता घरोघर पोंचली आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे बायका डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरीकडे चालूं लागल्या. त्यांत वृद्ध होत्या, तान्ह्या मुलांच्या आया होत्या. तीन दिवसांनीं त्याच मुलानें शाळेंतून आणलेली बाटली विहिरीच्या पाण्यानें तीनदां विसळून पुन्हा परीक्षा केली, तेव्हां तिन्ही पट्ट्या सात ते साडेसातच्या दरम्यान आल्या. पहिल्या वेळीं त्यानें पाणी घरांतल्या वाटींत घेतलें होतें व ती वाटी चुलींतल्या राखेनें घासलेली होती. नऊ हा अंक विहिरीचा नव्हता, वाटीचा होता.

या गोष्टींत त्या मुलाची निंदा करण्याजोगें कांहीं नाहीं. उलट शंका येतांच त्यानें पुन्हा परीक्षा केली आणि घरोघर जाऊन खरें काय तें सांगितलें, हें त्याचें मोठेपण आहे. पण तीन दिवस पाड्यावरील बायकांनीं जी पायपीट केली, ती कोणीही परत देऊं शकत नाहीं. तोंडांतून गेलेला अंक शब्दासारखाच असतो; तो माघारीं घेतां येत नाहीं. म्हणून बोलण्यापूर्वीं तीनदां पाहावें.

सामू काय सांगतो व काय सांगत नाहीं

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ यांच्या दरम्यान असावा. याहून फार कमी असल्यास पाणी नळांतील व भांड्यांतील धातु विरघळवितें. फार अधिक असल्यास चव बिघडते, थर सांचतात व जंतुनाशनाचें काम मंदावतें. हें शेवटचें कारण समजून घेण्याजोगें आहे. पाण्यांत क्लोरीन घातलें कीं हायपोक्लोरस आम्ल तयार होतें. जंतु मारण्याचें मुख्य काम तेंच करतें. सामू ६.५ असतां या द्रव्याचा सुमारें नऊदशांश भाग कार्यक्षम रूपांत असतो, ७.५ च्या सुमारास तो निम्मा उरतो, आणि ८.५ ला जेमतेम एकदशांश. म्हणजे क्लोरीन तितकेंच घालूनही सामू वाढला तर त्याचा मारा दुर्बल होतो. गढूळ पाणी निवळविण्यासाठीं घातली जाणारी तुरटी पाण्याचा सामू कमी करते. म्हणून गरज पडल्यास चुना घालून तो सांवरावा लागतो. मोठ्या शुद्धीकरण केंद्रांत सामूवर सतत डोळा ठेवतात, तो यासाठीं.

आतां दुसरी बाजू. पट्टी सात दाखवीत असली, म्हणजे पाणी निर्दोष आहे, असा निष्कर्ष कोणीही काढूं नये. पटकी, विषमज्वर, कावीळ, अतिसार यांचे जंतु व विषाणु सामू सात असलेल्या पाण्यांत खुशाल राहतात. फ्लोराइड, नायट्रेट, शेतांत फवारलेलीं विषें यांचाही सामूवरून पत्ता लागत नाहीं. पट्टीनें पाण्याचा एकच गुण सांगितला. बाकीच्या गुणदोषांविषयीं ती मुकी आहे. राखेच्या वाटीनें चांगल्या विहिरीस वाईट ठरविलें, त्यांत श्रम वायां गेले. परंतु केवळ पट्टीच्या भरंवशावर वाईट विहिरीस चांगली ठरविल्यास प्राण जातील. यास्तव पाणी गाळून उकळणें, विहिरींत योग्य प्रमाणांत ब्लीचिंग पावडर टाकणें आणि नमुना आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळेकडे पाठविणें, यांस पट्टी हा पर्याय नव्हे.

घर आणि शेत

पितळेच्या भांड्यांत ताक किंवा चिंचेचें सार ठेवलें असतां तें कळकतें, हें आपल्या आज्या जाणत होत्या. आंबट पदार्थांतील आम्ल पितळेंतील तांबें व जस्त विरघळवितें आणि तें पोटांत गेल्यास वांती होते. भांड्यांस कल्हई करण्याची चाल या धोक्यावरच निघालेली आहे. कथलाचा तो पातळ थर आंबट पदार्थ आणि पितळ यांची गांठ पडूं देत नाहीं. कल्हई उडालेल्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवूं नये, हा नियम आज स्टीलचीं भांडीं आलीं तरी ज्या घरांत पितळ आहे तेथें पाळलाच पाहिजे.

शेतीचेंही तसेंच. अति पावसाच्या प्रदेशांत जमिनींतील चुना, मॅग्नेशियम यांसारखे क्षार पावसाबरोबर वाहून जातात व माती आम्ल होत जाते. कोकणपट्टींतील पुष्कळशा जमिनी अशा आहेत. आपल्याकडे भाताची रोपें काढण्यापूर्वीं राब भाजतात. त्या राखेनें वाफ्यांतील मातीची आम्लता कांहींशी कमी होते, हा त्याचा एक परिणाम आहे. २०१५ सालीं सुरू झालेल्या योजनेनुसार शेतकऱ्यांस जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तींत "सामू" असा एक रकाना असतो. मुलांनीं तो आपल्या वडिलांस समजावून सांगावा. घरीं अदमास पाहावयाचा असल्यास शेताच्या चार-पांच जागांची माती वितभर खोलून एकत्र करावी, सावलींत वाळवावी, एक भाग मातींत अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी घालून ढवळावी, अर्धा तास राहूं द्यावी आणि वरच्या निवळीची परीक्षा करावी. केवळ पट्टीवरून चुना टाकण्याचें प्रमाण ठरवूं नये. तें काम माती-परीक्षण केंद्राचें आहे.

एक सूचना सुरक्षिततेची. बॅटरींतील आम्ल, कळीचा चुना, संडास धुण्याचें आम्ल यांस मुलांनीं मोठ्यांवांचून हात लावूं नये. आम्ल पाण्यांत हळूहळू ओतावें, आम्लांत पाणी कधींही ओतूं नये. अंगावर किंवा डोळ्यांत थेंब उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्यानें बराच वेळ धुवावें व वैद्याकडे जावें; आम्लावर उतारा म्हणून चुना किंवा सोडा चोळूं नये.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, परीक्षापट्टी ही खरें बोलणारी साक्षीदार आहे; परंतु साक्षीदारास प्रश्न नीट विचारावा लागतो. जें दिसलें तेंच लिहावें, जितकें कळलें तितकेंच सांगावें, आणि शंका आल्यास पुन्हा पाहावें. हे तीन गुण ज्याच्या अंगीं बाणतील, त्याच्या हातीं पाड्यानें आपली विहीर निर्धास्तपणें सोंपवावी.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका द्रवाचा सामू पांच व दुसऱ्याचा आठ आहे. पहिला दुसऱ्याच्या किती पट आम्ल आहे?

२. पट्टी उभी धरल्यानें व वाळल्यावर वाचल्यानें कोणकोणत्या चुका संभवतात?

३. विहिरीच्या पाण्याचा सामू ७.५ आला. यावरून पाण्याविषयीं कोणती गोष्ट सांगतां येईल व कोणत्या गोष्टी सांगतां येणार नाहींत?

४. घरीं जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यांत भिजवून अर्क काढा, टिपकागदाच्या पट्ट्या त्यांत बुडवून सावलींत वाळवा, आणि लिंबू, ताक, खाण्याचा सोडा व साबणाचें पाणी यांचे रंग वहींत नोंदवा. प्रत्येक परीक्षा तीनदां करा. तिन्ही वेळां रंग सारखा न आल्यास तसेंच लिहा.